भरल्या ताटाचा उपवास

उपवास या शब्दाची फोड आपल्या संप्रदायात लहान मुलालाही ठाऊक आहे. उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणे. देवाजवळ राहणे तो उपवास. कीर्तनात ही फोड सांगितली की श्रोते माना डोलावतात. आणि दुसऱ्या दिवशी कोणी विचारावे, काल उपासाला काय केलंत? तर उत्तर येते, साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि वर थोडे शिकरण. व्युत्पत्ती एकीकडे आणि पातेले एकीकडे, अशी आपली स्थिती आहे. म्हणून या महिन्यात जरा शेजाऱ्याच्या घरात डोकावून पाहू. ख्रिस्ती धर्मात उपवासाला काय स्थान आहे, ते लोक तो कशासाठी करतात, कोठे घसरतात आणि कोठे साधतात, हे नीट कळले तर आपल्या एकादशीचे रूपही अधिक स्वच्छ दिसेल.

परधर्माची चर्चा या पानांत कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर शेजारधर्म हेच आहे. पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला. त्याच्या एका टोकाला समुद्रकाठची वसई आहे, दुसऱ्या टोकाला डोंगरातले जव्हार-मोखाडे. वसईचा ख्रिस्ती समाज पोर्तुगिजांच्या काळापासूनचा. तो घरात मराठी बोलतो, देवळात मराठीत प्रार्थना करतो. त्याच समाजातले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्याच्याही कितीतरी आधी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' गोव्यात छापून निघाले, आणि त्याचा छंद कोणता म्हणाल, तर आपल्या ज्ञानोबारायांची ओवी! तेव्हा ही मंडळी काही परकी नव्हेत. जव्हार-मोखाड्याकडे ख्रिस्ती घरे थोडी आहेत. पण एखाद्या पाड्यावर एका घरी हरिपाठ चालला आहे आणि चार घरे टाकून येशूची प्रार्थना चालली आहे, असे आता दिसते. शेजार आला की प्रश्न येतात. त्यांना उत्तर भांडणाने द्यायचे की समजुतीने, एवढेच आपल्या हाती असते.

मोखाड्याच्या बाजूला एका सप्ताहात कीर्तन आटोपल्यावर असेच दोन प्रश्न माझ्यापुढे आले. एका तरुण माळकऱ्याने विचारले, "महाराज, त्यांच्यात एकादशी नाही. मग त्यांना उपासच नाही का?" त्याच्या मागे एक आजी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "महाराज, एकादशीला वरी चालते म्हणता. आमच्याकडं तर वरी रोजचीच. मग आम्ही सोडायचं काय?" पहिल्या प्रश्नाला ग्रंथात उत्तर आहे. दुसऱ्या प्रश्नाने ग्रंथ मिटायला लावला. दोन्हींचा विचार क्रमाने करू.

ख्रिस्ती लोकांना उपवास नाही, ही समजूत चुकीची आहे. येशू यहुदी कुळात जन्मला आणि यहुद्यांत उपवास पूर्वीपासून होता. मत्तयाच्या शुभवर्तमानात कथा अशी आहे की, बाप्तिस्मा झाल्यावर येशू अरण्यात गेला आणि ४० दिवस निराहार राहिला. शेवटी त्याला भूक लागली. तेव्हा सैतान पुढे आला आणि म्हणाला की, तू देवाचा पुत्र असशील तर या धोंड्यांच्या भाकरी कर. येशूने ते केले नाही. माणूस केवळ भाकरीवर जगत नाही, देवाच्या शब्दावर जगतो, या अर्थाचे शास्त्रवचन सांगून त्याने सैतानाला परतवले. हा प्रसंग ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

या ४० दिवसांच्या स्मरणार्थ ईस्टरच्या आधी ख्रिस्ती उपवासकाळ पाळतात. त्याचा आरंभ राखेच्या बुधवारी होतो. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून त्यांची राख धर्मगुरू प्रत्येकाच्या कपाळी लावतो. तू मातीचा आहेस आणि मातीतच जाणार आहेस, ही त्यातली आठवण. विभूतीचा अर्थ जाणणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. त्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर ४६ दिवस भरतात. पण रविवार हा पुनरुत्थानाचा, आनंदाचा वार, त्या दिवशी उपवास नाही. सहा रविवार वजा केले की ४० उरतात.

पंथापंथांत आचार निराळा आहे. केरळातले जुने सुरियानी ख्रिस्ती ईस्टरपूर्वी पन्नास दिवसांचे व्रत पाळतात, त्यात मांस-मासे, अंडी, दूध वर्ज्य करण्याची चाल आहे. इथिओपियातील सनातनी ख्रिस्ती वर्षातले जवळजवळ निम्मे दिवस कसले ना कसले उपोषण करतात. कॅथलिक पंथात पूर्वी कडक नियम होते. पवित्र प्रसाद घ्यायचा तर आदल्या मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. १९५७ साली हा अवधी तीन तासांवर आला आणि १९६४ साली एका तासावर. पोप सहावे पॉल यांनी १९६६ साली उपवासाचे नियमही सैल केले. आज सक्तीचा उपवास दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशी एकदा पुरते जेवावे, आणखी दोन वेळा अगदी थोडे घ्यावे, आणि हा नियम १८ ते ५९ वर्षांच्या निरोगी माणसाला. मात्र नियम सैल करताना पोपमहाशयांनी सांगितले की तप संपलेले नाही. ज्याने त्याने ते प्रार्थनेने, दयाधर्माने आणि संयमाने पुरे करावे.

प्रॉटेस्टंट पंथाची गोष्ट आणखी वेगळी. १५२२ साली झुरिक शहरात एका छापखानेवाल्याच्या घरी उपवासकाळात मुद्दाम मांस खाल्ले गेले आणि त्यावरून मोठे वादळ उठले. झ्विंग्ली या सुधारकाने खाणाऱ्यांची बाजू घेतली. मार्टिन ल्यूथर मात्र उपवास नको म्हणणारा नव्हता. शरीराला वळण म्हणून तो चांगला, पण उपाशी राहून देवाकडून पुण्य विकत घेता येते ही कल्पना खोटी, असे त्याचे म्हणणे. हा वाद आपल्याला नवखा नाही. व्रते, नेम, उपासतापास यांच्या बळावर देवाला बांधू पाहणाऱ्यांची आपल्या संतांनीही कठोर झाडाझडती घेतली आहे. भाव नाही आणि बाकी सगळे आहे, तर त्या बाकीच्याची किंमत शून्य.

आता उपवासाचा हेतू. तेराव्या शतकातील त्यांचे मोठे आचार्य संत थॉमस अक्विनास यांनी तीन हेतू सांगितले आहेत. देहाच्या वासना आवराव्यात, चित्त मोकळे होऊन देवाच्या चिंतनाकडे वर उठावे आणि केलेल्या पापाचे प्रायश्चित्त घडावे. यातले पहिले दोन आपण जसेच्या तसे मान्य करू. भगवंतांनीही गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला आणि अजिबात न खाणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही असे सांगितले, आणि सतराव्यात देहाला उगाच पिडणाऱ्या तपाला आसुरी ठरवले. तिसरा हेतू, म्हणजे पापाचे दुःख, हा ख्रिस्ती उपवासात फार ठळक आहे. गुड फ्रायडेचा उपवास हा शोकाचा आहे. आपली एकादशी ही हरीचा दिवस म्हणून उत्सवाची आहे, टाळ-मृदंगाची आणि जागराची आहे.

या फरकाच्या मुळाशी एक सुंदर वचन आहे. येशूचे शिष्य उपवास करीत नाहीत, अशी लोकांनी तक्रार केली. तेव्हा त्याने सांगितले की, नवरदेव वऱ्हाडात असताना वऱ्हाडी उपाशी कसे राहतील? नवरदेव त्यांच्यापासून काढून नेला जाईल तेव्हा ते उपवास करतील. म्हणजे त्यांचा उपवास हा विरहाचा आहे. मग वारकरी विचारील, आमचा नवरदेव तर विटेवरून हललाच नाही, आम्ही का उपवास करावा? त्याचे उत्तर असे की, देव गेला नाही, पण आपण जातो. पंधरा दिवस प्रपंचाच्या बाजारात लांब लांब जातो. एकादशी ही परत जवळ येण्याची तिथी. विरह आहेच, फक्त तो आपल्या बाजूने झालेला आहे.

आता घसरण कोठे होते ते पाहू, आणि पाहताना हसू नये, कारण आपलीही तीच गत आहे. फ्रान्समध्ये रुआँ नावाच्या शहरी एक मोठे ख्रिस्तमंदिर आहे. त्याच्या एका उंच मनोऱ्याला लोक लोण्याचा मनोरा म्हणतात. उपवासकाळात लोणी खायला मनाई होती. ज्यांना ते सुटेना त्यांनी पैसे भरून सवलत घ्यावी, आणि त्या पैशांतून पंधराव्या-सोळाव्या शतकात हा मनोरा उभा राहिला, अशी त्याची कथा. देवाचे घर उभे राहिले ते उपवास मोडल्याच्या दंडातून! आपण मनोरा बांधला नाही, पण थाळी वाढवली. आणि गंमत पाहा. बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाणा ज्याचा करतात तो कंद, ही सगळी मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज वगैरे दर्यावर्दी लोकांच्या जहाजांतून ती आपल्याकडे आली. आमच्या धर्मसूत्रकारांनी त्यांचे नावही ऐकले नव्हते. म्हणजे एकादशीचे आजचे ताट बरेचसे ख्रिस्ती लोकांच्या गलबतांतून उतरलेले आहे. त्या ताटाला दोष देण्याचे कारण नाही. दुखणेकऱ्याला, म्हाताऱ्याला ते हवेच. पण उपासाच्या दिवशी रोजच्यापेक्षा खर्च जास्त आणि पोट जड होत असेल, तर त्या दिवसाला दुसरे नाव शोधावे लागेल.

या घसरणीवर ख्रिस्ती परंपरेत एक औषध सांगितले आहे, आणि या लेखाचा मुख्य मुद्दा तोच आहे. येशूने डोंगरावरील प्रवचनात दान, प्रार्थना आणि उपवास या तिघांची नावे एका ओळीने घेतली. तिघांना अटही एकच घातली, की ते लोकांना दाखवण्यासाठी करू नये. उपवास असेल तर तोंड सुकवून हिंडू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा. पुढे त्यांच्या आचार्यांनी या तिघांची गाठ अधिकच पक्की केली. संत ऑगस्टीन यांनी शिकवले की, तू सोडलेले जेवण तुझ्या कोठारात राहिले तर तो उपवास नव्हे, ती काटकसर. ते गरिबाच्या पोटात गेले पाहिजे. त्याच्याही शेकडो वर्षे आधी यशया संदेष्ट्याने यहुद्यांना खडसावले होते की, उपवासाच्या दिवशीच तुम्ही मजुरांना पिळता आणि भांडता. देवाला हवा तो उपवास म्हणजे जुलमाच्या बेड्या तोडणे आणि आपली भाकर भुकेल्याबरोबर वाटून खाणे. अलीकडच्या काळातही ही गाठ सुटलेली नाही. जर्मनीच्या बिशपांनी १९५८ साली 'मिसेरेओर' नावाची संस्था काढली, उपवासकाळात वाचवलेला पैसा दूरदेशीच्या भुकेल्यांसाठी गोळा करायचा म्हणून. आपल्या देशातही कारितास ही कॅथलिक संस्था उपवासकाळात भूक आणि रोग यांच्याविरुद्ध मोहीम चालवते.

आता धोंड्यांच्या भाकरीचा तो प्रसंग आठवा. स्वतःला भूक लागली असता येशूने चमत्कार केला नाही. पण पुढे रानात पाच हजार माणसे ऐकायला जमली, सांज झाली, आणि शिष्य म्हणाले की यांना गावात पाठवू, आपले आपण विकत घेऊन खातील. तेव्हा तो म्हणाला की तुम्हीच त्यांना खायला द्या. पाच भाकरी आणि दोन मासे होते, त्यांत सगळे जेवले. चमत्कार मानावा की न मानावा हे ज्याचे त्याने पाहावे, पण त्यातला न्याय स्पष्ट आहे. आपल्या भुकेच्या वेळी तो गप्प राहिला, दुसऱ्याच्या भुकेच्या वेळी गप्प राहिला नाही. उपवासाची सारी मीमांसा मला या दोन कथांत सापडते.

आणि आता त्या आजींचा प्रश्न. जव्हार-मोखाड्याच्या उतारावरच्या वरकस जमिनीत नागली आणि वरी पिकते. आपण तिला भगर म्हणतो. ती सडून, पाखडून, पिशवीत भरून शहरात येते आणि एकादशीच्या आदल्या दिवशी आपण ती वाण्याकडून आणतो. आपल्याला जे उपासाचे, ते त्यांना रोजचे. त्यातही आषाढ-श्रावणात पेरणी-लावणीच्या दिवसांत घरातले धान्य संपत येते आणि रानभाज्यांवर, कडूकंदावर दिवस काढायची पाळी पुष्कळ घरांवर येत असे. आपली मोठी एकादशी नेमकी याच दिवसांत पडते. दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर घेऊन कितीतरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीला लेकरे कुपोषणाने दगावली. तो आकडा शंभरावर गेल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले आणि साऱ्या महाराष्ट्राने मान खाली घातली. २०१६ साली मोखाड्याच्या बालमृत्यूंची वार्ता पुन्हा गाजली. मधल्या काळात सरकारने २०१५ साली गरोदर आणि बाळंतिणींसाठी अंगणवाडीत एक वेळच्या चौरस जेवणाची अमृत आहार योजना काढली. काम चालू आहे, पण पुरे झाले असे म्हणवत नाही.

त्या भुकेला कोणी उपवास म्हणू नये. ज्याच्या ताटात आहे आणि जो हात आवरतो, तो उपवासी. ज्याच्या ताटातच नाही, तो उपाशी. या दोन शब्दांत फार मोठे अंतर आहे. उपाशी माणसापुढे उभे राहून भुकेचे पुण्य सांगणे हा आमच्यासारख्या कीर्तनकारांकडून घडू शकणारा मोठा अपराध आहे. या बाबतीत संत थॉमस यांनी फार विचारपूर्वक लिहिले आहे. दारोदार तुकडा तुकडा मागून ज्याचे पोट एका वेळी भरत नाही, त्याला उपवासाचे बंधन नाही. आणि ज्या यात्रेकरूला लांबच्या मजला मारणे भाग आहे, ज्या मजुराला जड काम टाळता येत नाही, त्यालाही नाही. वारकऱ्यांनो, यात्रेकरूची ही काळजी वाचून मला त्या परक्या आचार्याविषयी आपलेपणा वाटला.

मी आजींना म्हटले, "आजी, तुमची वरी सोडू नका. ती खा, पोटभर खा, आणि मग रात्री नाम घ्या. तुमची एकादशी पुरी झाली." त्यांना ते सगळे पटले नसावे. त्या म्हणाल्या, "तरी काहीतरी सोडायला पाहिजे ना, महाराज!" आणि हेही खरेच आहे. गरिबाचा सोडण्याचा अधिकार कोणी काढून घेऊ नये. येशूने देवळाच्या दानपेटीत दोन पै टाकणाऱ्या विधवेचे दान सर्वांत मोठे ठरवले, कारण इतरांनी शिलकीतून टाकले आणि तिने पोटातून काढून टाकले. पौष वद्य एकादशीला जव्हार-मोखाड्याची माळकरी मंडळी त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथ महाराजांच्या यात्रेला जातात. मजुरीचा खाडा करून, थंडीत, पायी चालत जाणे हेच त्यांचे सोडणे आहे. त्यांना आणखी कोणते व्रत शिकवणार?

म्हणून तो प्रश्न आपल्याकडे, भरल्या ताटाकडे, परत येतो. आणि येथे ख्रिस्ती घरातून उसने आणण्याची गरज नाही, कारण आपल्याच घरात ठेवा आहे. भागवताच्या नवव्या स्कंधातला अंबरीष राजा आठवा. वर्षभर एकादशीव्रत केले. पारण्याच्या वेळी आधी दान दिले, अतिथी जेवू घातले, आणि स्वतः जेवायला बसणार तोच दुर्वास आले. ते स्नानाला गेले आणि द्वादशी सरत चालली, तरी अतिथीच्या आधी घास घ्यायचा नाही म्हणून राजा केवळ पाणी पिऊन थांबला. म्हणजे एकादशी पुरी होते ती दुसऱ्याच्या जेवणाने! नामदेवरायांचीही एक कथा भक्तमालेच्या परंपरेत सांगतात. एकादशीच्या दिवशी देव भुकेल्या ब्राह्मणाचे रूप घेऊन दारी आला. आज एकादशी, उद्या देतो, असे नामदेव म्हणाले. ब्राह्मण हट्टाने बसून राहिला आणि त्याने प्राण सोडला. तेव्हा नामदेव त्याच्याबरोबर चितेवर चढून बसले, आणि देव हसत उठला. व्रताचा निश्चय दाखवायला ही कथा सांगतात, ते योग्यच आहे. पण मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. देवाने परीक्षेसाठी वार निवडला तो उपवासाचा आणि वेष निवडला तो भुकेल्याचा. नामदेवांनी नेम सोडला नाही, पण त्या माणसाच्या मरणाची जबाबदारीही झटकली नाही. आपण नेमाचा निश्चय घेतला आणि चितेवर चढणे तेवढे विसरलो.

तेव्हा माझी विनंती साधी आहे. वर्षात चोवीस एकादशा येतात, अधिक मासात दोन वाढतात. घरात चार माणसे एकादशी धरीत असतील, तर त्या दिवशी न शिजलेले धान्य पायलीने मोजून वेगळ्या डब्यात ठेवा. फराळाचा जास्तीचा खर्च कमी करून तेही त्यात घाला. द्वादशीला पारणे सोडण्यापूर्वी तो डबा भुकेल्या घरी पोचेल अशी व्यवस्था करा. गावात तसे घर नसेल तर जव्हार-मोखाड्यासारख्या भागात आहे. दिंडीतल्या चार जणांनी एकत्र केले तर एका अंगणवाडीला, एका आश्रमशाळेला हातभार लागतो. देताना नाव सांगू नका आणि फोटो काढू नका. घेणारा माळकरी आहे की येशूची प्रार्थना करणारा, हेही विचारू नका, कारण भूक माळ पाहून लागत नाही. आणि भगर विकत घेताना ती पिकवणाऱ्याला काय मिळाले याची चौकशी करा. यशयाने सांगितलेल्या बेड्यांतली एक बेडी कदाचित आपल्याच पिशवीला बांधलेली असेल.

एवढे केले तर साबुदाणा खाल्ला की नाही हा वाद आपोआप मागे पडेल. जवळ राहणे म्हणजे कोणाच्या जवळ, याचा अर्थही कळू लागेल.

॥ राम कृष्ण हरि ॥